ज्यांच्या कथा त्यांची नावे

वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीने 1946 साली काढलेला ‘साँग ऑफ द साउथ’ हा चित्रपट 1986 नंतर अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लागलेला नाही, आणि घरी पाहता येईल अशा कोणत्याही स्वरूपात तो त्या देशात कधीच विक्रीला आला नाही. त्यातल्या सशा-कोल्ह्यांवर उभारलेली ‘स्प्लॅश माउंटन’ ही पाण्यातली सफर फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया इथल्या डिस्नेच्या उद्यानांनी 2023 साली बंद केली. कृष्णवर्णीयांच्या अपमानकारक चित्रणासाठी टीका झालेला हा चित्रपट पेटीबंद झाल्याचे मला दुःख नाही. पण ज्या पुस्तकांच्या आधारे तो निघाला, त्या गोऱ्या पत्रकार जोएल चँडलर हॅरिसच्या पुस्तकांनाही हाच न्याय लावावा, असे मत जेव्हा मांडले जाते, तेव्हा त्याला विरोध करणे मला आवश्यक वाटते. गुलामीत जगलेल्या माणसांनी एकमेकांना सांगितलेल्या कथांचा इतका मोठा लिखित साठा त्या काळातून दुसरा कुठला आपल्या हाती आलेला नाही. त्या साठ्याभोवती हॅरिसने जी चौकट ठोकली ती खोटी आहे आणि ती तशी आहे हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. परंतु चौकटीच्या रागाने कथाच नजरेआड केल्या, तर ज्यांचे बोलणे आधीच एकदा दुसऱ्याच्या नावावर गेले, त्यांचा आवाज पुन्हा एकदा बंद होईल.

हॅरिसचा जन्म जॉर्जिया राज्यातल्या ईटनटन या गावी झाला. त्याची आई मेरी हॅरिस शिवणकाम करून पोट भरत असे. वडील मुलाच्या जन्मानंतर लगेच निघून गेले आणि लग्न झालेले नसल्यामुळे मुलाला आईचेच आडनाव लागले. अमेरिकी यादवी युद्ध सुरू असताना, 1862 साली, हा लाजाळू, तोतरा बोलणारा किशोर गावापासून काही मैलांवरच्या टर्नवोल्ड नावाच्या मळ्यावर उमेदवारी करायला गेला. मळ्याचा मालक जोसेफ अॅडिसन टर्नर तिथूनच ‘द कंट्रीमन’ हे साप्ताहिक छापत असे. दिवसभर खिळे जुळवायचे, फावल्या वेळात मालकाच्या ग्रंथसंग्रहातली पुस्तके वाचायची आणि संध्याकाळी गुलामांच्या वस्तीवर जाऊन बसायचे, असा त्याचा क्रम होता. गोऱ्यांच्या समाजात ज्याच्या जन्माकडे बोट दाखवले जाई, त्या मुलाला त्या खोपटांमध्ये मोकळे वाटले असेल, हे समजण्यासारखे आहे. जॉर्ज टेरेल आणि ओल्ड हर्बर्ट अशी तिथल्या दोन कथेकऱ्यांची नावे चरित्रकारांनी नोंदवली आहेत. जॉर्जियात 1829 सालापासून गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता, त्यामुळे या माणसांचा इतिहास, त्यांचा विनोद आणि त्यांचा संताप जे काही साठवले जायचे ते बोलण्यातच साठवले जात होते. जवळच छापखाना चालत होता, पण त्याच्या खिळ्यांना हात लावण्याचा अधिकार फक्त उमेदवार मुलाला होता.

युद्ध संपले, टर्नरचे साप्ताहिक 1866 साली बंद पडले आणि हॅरिस वेगवेगळ्या वर्तमानपत्रांतून नोकऱ्या करत 1876 साली ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’मध्ये आला. तिथे बोलीतल्या स्फुटांची एक जागा रिकामी झाली होती. ती भरण्यासाठी त्याने अंकल रीमस हे पात्र तयार केले. 20 जुलै 1879 रोजी रीमसच्या तोंडची ससा-कोल्ह्याची पहिली कथा छापून आली, आणि 1880 सालच्या अखेरीस ‘अंकल रीमस : हिज साँग्ज अँड हिज सेइंग्ज’ हे पुस्तक निघाले. 1883 साली ‘नाइट्स विथ अंकल रीमस’ हा 71 कथांचा दुसरा संग्रह आला. पुस्तके उत्तर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये झपाट्याने खपली. 1882 साली न्यू ऑर्लिन्समध्ये हॅरिस मार्क ट्वेनला भेटायला गेला, तेव्हा प्रसिद्ध अंकल रीमसला बघायला जमलेली मुले समोर गोरा माणूस पाहून हिरमुसली, असे ट्वेनने स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. ज्याने सांगितले आणि ज्याने लिहिले ही दोन वेगळी माणसे होती, ही गोष्ट प्रौढ वाचकांपेक्षा त्या मुलांना अधिक खटकली.

आता चौकटीकडे वळू. रीमस हा म्हातारा, पूर्वीचा गुलाम. मालकाच्या घरच्या सात वर्षांच्या मुलाला तो रोज संध्याकाळी आपल्या खोलीत बसवून कथा सांगतो. गुलामीच्या शिस्तीच्या ज्याच्यापाशी सुखद आठवणींखेरीज काही नाही असा हा माणूस आहे, असे हॅरिस पहिल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच सांगून टाकतो. याच पुस्तकात युद्धकाळातली एक गोष्ट आहे. त्यात रीमस झाडावर लपलेला उत्तरेकडचा सैनिक पाहतो. तो सैनिक धन्यावर नेम धरतो आहे हे दिसताच रीमस स्वतः बंदूक झाडतो. तो सैनिक तुझ्याच मुक्तीसाठी लढत होता हे ठाऊक असूनही तू गोळी घातलीस का, असे त्याला विचारले जाते, तेव्हा मुक्तीचा विचार त्या क्षणी आपण विसरून गेलो असे तो उत्तर देतो. वर्तमानपत्रात ही गोष्ट प्रथम आली तेव्हा सैनिक मरत होता. पुस्तकात तो एक हात गमावून वाचतो, घरची मुलगी सॅली हिच्याशी त्याचे लग्न होते, आणि गेलेल्या हाताच्या बदल्यात मी त्याला ही पत्नी दिली आणि हे माझे दोन हात दिले, असे रीमस अभिमानाने सांगतो. उत्तर आणि दक्षिण यांचा सलोखा झाला, गोऱ्या कुटुंबाला वारस मिळाला, आणि त्या सलोख्यासाठी कृष्णवर्णीयाने आपले श्रम आनंदाने देऊ केले, असे हे चित्र आहे. ज्या वर्षी संघराज्याचे सैन्य दक्षिणेतून काढून घेण्यात आले आणि नव्याने मुक्त झालेल्या लोकांचे संरक्षण संपले, त्या 1877 सालीच ही गोष्ट पहिल्यांदा छापली गेली, हे लक्षात घेतले म्हणजे असे चित्र कोणाला हवे होते हे वेगळे सांगावे लागत नाही.

याहून अधिक दुखावणारे एक स्फुट त्याच पुस्तकात आहे. अटलांटाच्या व्हाइटहॉल स्ट्रीटवर रीमसला पाटी-पुस्तके घेऊन चाललेला एक लहान कृष्णवर्णीय मुलगा दिसतो. त्यावरून तो म्हणतो की, यांच्या हातात पुस्तक दिले की नांगराचा एक गडी गेलाच म्हणून समजा, आणि साऱ्या शाळांना मिळून जे शहाणपण शिकवता येणार नाही ते पिंपाच्या एका फळीने आपण मिनिटभरात शिकवू. त्याच शहरात, युद्ध संपले त्याच वर्षी स्थापन झालेल्या अटलांटा विद्यापीठात, गुलामीतून सुटलेल्यांची मुले शिकत होती, त्या वेळी हे वाक्य एका कृष्णवर्णीय म्हाताऱ्याच्या तोंडी घातले गेले. महात्मा फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहून ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले होते. ज्या मुक्तीकडे पुण्यातला एक माणूस इतक्या आशेने पाहत होता, तिच्यानंतर अवघ्या पंधरा-वीस वर्षांत तिथली लेखणी शाळेविरुद्ध कशी चालत होती, हे मराठी वाचकाला या एका स्फुटावरून कळते. हॅरिसचे चाहते अशा पानांवरून पुढे जातात, आणि ते योग्य नाही. हॅरिस स्वतः त्या काळच्या दक्षिणेतल्या संपादकांच्या मानाने सौम्य होता, दोन्ही वंशांनी सलोख्याने राहावे असे लिहीत होता, हे मान्य करूनही हे स्फुट त्याच्याच हातचे आहे.

परंतु रीमस एकदा कथा सांगू लागला की चौकटीचे म्हणणे आणि कथेचे म्हणणे यांत उघड विरोध दिसू लागतो. या कथांमध्ये ससा दुबळा आहे, त्याला नखे नाहीत, सुळे नाहीत. कोल्हा, लांडगा आणि अस्वल हे त्याच्याहून बलवान आहेत आणि त्यांच्यापैकी कोणावरही विश्वास ठेवता येत नाही. एका कथेत लांडगा पुन्हा पुन्हा सशाचे घर मोडतो आणि दर खेपेला त्याचे एखादे पोर उचलून नेतो. ससा आधी गवताचे घर बांधतो, मग फांद्यांचे, मग सालींचे, आणि शेवटी दगडी पायावर फळ्यांचे. एक दिवस कुत्री पाठीमागे लागल्यामुळे हाच लांडगा त्याच्या दारात येऊन आसरा मागतो. ससा त्याला मोठ्या पेटीत लपायला सांगतो, कडी घालतो, चुलीवर पाणी ठेवतो, पेटीच्या झाकणाला भोके पाडतो. आतून लांडगा विचारत राहतो की हे काय चालले आहे, आणि ससा तुला हवा मिळावी म्हणून असे काहीतरी उत्तर देत राहतो. मग तो उकळते पाणी त्या भोकांतून ओततो. लहान मुलासाठी सांगितलेली गंमत म्हणून ही कथा छापली गेली. ज्या वस्तीत ती सांगितली जात होती, तिथे आईच्या पुढ्यातून पोर नेऊन विकले जाणे हा व्यवहार होता. तिथे बसलेल्या ऐकणाऱ्यांना लांडगा कोण हे कोणी समजावून द्यावे लागत नसणार.

दुसऱ्या एका कथेत कोल्हा मारला जातो, आणि ससा त्याचेच मुंडके गोमांस म्हणून त्याच्या बायकोकडे नेऊन देतो. पातेल्यात डोकावलेल्या पोराला आत बापाचे डोके दिसते. आणखी एका कथेत ससा शेजारणींना सांगतो की कोल्हा हा आमच्या बापाचा बसायचा घोडा होता, आणि पुढे आजारी असल्याची बतावणी करून कोल्ह्याच्या पाठीवर खोगीर चढवून, टाचा मारत, त्यांच्या दारावरून खरोखरच फेरी काढतो. ज्यांच्या पाठीवर दुसरे बसत होते, त्यांनी रचलेले हे दृश्य आहे. डांबराच्या बाहुलीची कथा तर जगभर गेली. बाहुली नमस्काराला उत्तर देत नाही म्हणून ससा तिला एक थप्पड मारतो, हात चिकटतो; दुसरा हात, दोन्ही पाय आणि शेवटी डोके असे सगळे चिकटते. कोल्हा त्याला भाजण्याच्या, फाशी देण्याच्या, बुडवण्याच्या गोष्टी करतो, आणि ससा विनवतो की यांपैकी काहीही कर, पण मला त्या काटेरी झुडपात टाकू नकोस. टाकल्यावर तो टेकडीवरून ओरडून सांगतो की माझा जन्मच काटेरी झुडपात झाला. धन्याला ज्या जागेची भीती वाटते तीच आपली सुरक्षित जागा आहे, हे ज्ञान या कथेत आहे, आणि ते रीमसच्या सुखद आठवणींशी कोणत्याही प्रकारे जुळत नाही.

हॅरिसला हे दिसले होते. कृष्णवर्णीयांनी सर्वांत दुबळ्या आणि निरुपद्रवी प्राण्याला नायक का केले हे कळायला शास्त्रीय संशोधनाची गरज नाही, या कथांत विजय सद्‌गुणाचा होत नाही तर असहायतेचा होतो, असे त्याने प्रस्तावनेत लिहिले आहे. म्हणजे कुलूप कशाला आहे हे त्याला माहीत होते. त्याने किल्ली वाचकाच्या हातात दिली आणि पुढच्याच पानावर सुखी म्हाताऱ्याला दारात बसवले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या, म्हणून त्याला केवळ चोर किंवा केवळ उपकारकर्ता ठरवणारी दोन्ही मते मला अपुरी वाटतात. दोषांचा आणि गुणांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल, आणि त्या हिशेबातला सर्वांत मोठा दोष माझ्या मते नावांचा आहे.

1882 च्या उन्हाळ्यातला एक प्रसंग त्याने दुसऱ्या संग्रहाच्या प्रस्तावनेत सांगितला आहे. अटलांटापासून वीस मैलांवरच्या नॉरक्रॉस या लहानशा स्थानकावर रात्री गाडीची वाट पाहत तो बसला होता. आसपास रुळांच्या कामावरचे कृष्णवर्णीय मजूर थट्टामस्करी करत होते. त्याने शेजारच्या म्हाताऱ्याला हळू आवाजात डांबराच्या बाहुलीची कथा सांगायला सुरुवात केली. म्हातारा मध्येमध्ये दाद देऊ लागला, आजूबाजूचे ऐकायला सरकले, त्याने दुसरी कथा सांगितली, आणि मग त्या माणसांना राहवेना. एकामागून एक ते स्वतःच सांगू लागले, आणि जवळजवळ दोन तास, तीस-एक माणसांच्या घोळक्यात, कथांची जणू चढाओढ लागली. काळोख होता म्हणून ती माणसे इतकी मोकळी झाली, तो पडदा नसता तर बहुधा कथा निघाल्या नसत्या, असे हॅरिस स्वतःच नोंदवतो. गोऱ्या माणसासमोर काय बोलायचे आणि काय नाही याचे भान बाळगणारे, आपल्या कलेत तरबेज असे कथेकरी त्या रात्री त्याच्यापुढे होते. त्याच्या वर्णनात स्थानकाचे नाव आहे, रेल्वेमार्गाचे नाव आहे, अटलांटाचे अंतरही आहे. त्या तिसांपैकी एकाही माणसाचे नाव नाही.

त्या काळात तसे करण्याची पद्धतच नव्हती, असा बचाव यावर केला जातो. तो टिकत नाही, आणि त्याचे उत्तर आपल्याकडेच आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिने 1868 साली, म्हणजे हॅरिसच्या पहिल्या पुस्तकाच्या बारा वर्षे आधी, ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा लोककथांचा संग्रह प्रसिद्ध केला. 1865-66 च्या दौऱ्यात दक्षिणी मुलुखातल्या मुक्कामांवर तिला या कथा सांगितल्या त्या तिच्या सेवेतल्या आया अॅना लिबराता डिसूझा यांनी. मूळच्या लिंगायत, पुढे गोव्यात ख्रिस्ती झालेल्या घराण्यातल्या या बाईंनी त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. त्या पुस्तकात अॅना यांचे पूर्ण नाव आहे आणि त्यांच्या आयुष्याची हकिकत त्यांच्याच तोंडून दिलेली स्वतंत्र प्रकरण म्हणून छापलेली आहे. मालकीण आणि आया यांच्यातले अंतर त्यामुळे मिटले नाही, मुखपृष्ठावर नाव फ्रिअरचेच राहिले, हे खरे. तरीही दीडशे वर्षांनंतर त्या कथा कोणी सांगितल्या याचे उत्तर आपण नाव घेऊन देऊ शकतो. टेरेल आणि हर्बर्ट यांच्यासाठी एक प्रकरण लिहिणे हॅरिसला अवघड नव्हते. त्यांच्या जागी त्याने एक काल्पनिक म्हातारा बसवला, आपल्या ओळखीच्या तीन-चार म्हाताऱ्यांना एकत्र करून तो घडवल्याचे सांगितले, आणि त्या काल्पनिक माणसाच्या राजकीय मतांचे ओझे खऱ्या कथांवर लादले.

कथांचे मूळ कुठले यावर पुढे बराच वाद झाला. डांबराच्या बाहुलीचा धागा इंग्लंडमधल्या जोसेफ जेकब्स या अभ्यासकाने थेट ‘पंचावुध जातका’पर्यंत नेला, ज्यात काशीचा राजपुत्र राक्षसाच्या चिकट केसांना दोन्ही हात, दोन्ही पाय आणि डोके असा पाच ठिकाणी चिकटतो. साम्य विलक्षण आहे. पण या साम्यावरून सगळ्या कथा भारताच्या खात्यावर जमा करण्याचा मोह टाळावा. पश्चिम आफ्रिकेत अनान्सी नावाच्या, जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या आणि सशाच्या कथांत चिकट बाहुलीचे अनेक अवतार सापडतात, आणि विसाव्या शतकातल्या तपशीलवार अभ्यासांनी हॅरिसच्या बहुसंख्य कथांची नाळ आफ्रिकेशी जुळवली आहे. जहाजांच्या तळाशी साखळदंडांत आलेल्या माणसांनी सोबत आणता आली अशी जी थोडी मालमत्ता आणली, तिच्यात या कथा होत्या. ती मालमत्ता पुन्हा तिसऱ्याच कोणाच्या नावावर चढवण्याची घाई आपण तरी करू नये.

हॅरिसच्या विरोधातला सर्वांत गंभीर आवाज त्याच्याच गावचा आहे. कृष्णवर्णीय कादंबरीकार अॅलिस वॉकर यांचा जन्म 1944 साली ईटनटनजवळच झाला. डिस्नेचा चित्रपट त्यांनी लहानपणी गावच्या चित्रपटगृहात, कृष्णवर्णीयांसाठी राखून ठेवलेल्या भागात बसून पाहिला. त्यांच्या आईवडिलांना या कथा पिढ्यान्‌पिढ्या तोंडी आलेल्या होत्या आणि ते घरी त्या सांगत असत. चित्रपट पाहिल्यानंतर घरातले ते सांगणे थांबले, असे वॉकर यांनी लिहिले आहे. हॅरिसने आपल्या वारशाची आपल्यालाच लाज वाटायला लावली, आणि अशा रीतीने तो वारसा चोरला, असा त्यांचा आरोप आहे. हा आरोप मी पूर्णपणे मान्य करतो, कारण तो ऐकीव नाही. एका घरात कथा सांगणे बंद झाले ही घडलेली हानी आहे. त्या चित्रपटात अंकल रीमसची भूमिका करणारे जेम्स बॅस्केट अटलांटातल्या पहिल्या खेळाला येऊ शकले नाहीत, कारण त्या शहरात तेव्हा वंशभेदाचे कायदे लागू होते. आणि अटलांटातले हॅरिसचे घर 1913 पासून स्मारक म्हणून चालवले जात असतानाही कृष्णवर्णीय प्रेक्षकांना 1968 सालापर्यंत त्यात प्रवेश नव्हता. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या कथांवर ते घर उभे राहिले, त्यांनाच दारात अडवले गेले.

तरीही वॉकर यांच्या म्हणण्यातून पुस्तके काढून टाकावीत असा निष्कर्ष निघत नाही. कथा त्यांच्या घरी परत गेल्या पाहिजेत, असा निघतो. हे काम पूर्वीपासून सुरू आहे. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इथल्या शिक्षणसंस्थेत 1893 साली लोकविद्या मंडळ स्थापन झाले, तेव्हा गुलामीतून सुटलेल्यांची शिकलेली मुले आपल्याच आजी-आजोबांकडून कथा, कोडी आणि समजुती टिपून संस्थेच्या मासिकात छापू लागली. झोरा नील हर्स्टन यांनी फ्लोरिडातल्या आपल्या ईटनव्हिल गावी जाऊन, पडवीवर बसणाऱ्या माणसांच्या नावागावासह कथा गोळा केल्या आणि 1935 साली प्रसिद्ध केल्या. ज्युलियस लेस्टर यांनी 1987 पासून हॅरिसच्याच कथा नव्या रूपात सांगितल्या. त्यांनी मळा, म्हातारा आणि गोरा मुलगा ही सगळी मांडणी काढून टाकली आणि सांगणारा आवाज आजच्या एका कृष्णवर्णीय कथेकऱ्याचा ठेवला. लेस्टर यांना हे करता आले, कारण मूळ मजकूर उपलब्ध होता. हॅरिसने प्रत्येक कथा कृष्णवर्णीयांच्या तोंडून आली आहे ना याची खातरजमा करण्याचा प्रयत्न केला, निरनिराळे पाठ जपले, किनारपट्टीवरची गुल्ला बोली आणि आतल्या भागातली बोली यांतला फरकही कानाला पकडून लिहिला. त्याचे पुस्तक 1880 साली नसते, तर लेस्टर यांच्यापुढे यातल्या कितीतरी कथा आल्याच नसत्या.

चित्रपटाची आणि पुस्तकाची गत एकच असावी असे मला वाटत नाही, त्याचेही कारण हेच आहे. चित्रपटाने कथांना अगदी थोडी जागा दिली आणि चौकट मोठी केली; गाणी, ऊन, हसरे मजूर. त्यात जपण्यासारखी साक्ष फारशी नाही. पुस्तकात ती पानोपानी आहे. म्हणून हॅरिस नव्याने छापणाऱ्या प्रकाशकाने कथा वेचून, गोड करून, लहान मुलांच्या चित्रमय पुस्तकात घालू नयेत. पाटी-पुस्तकवाल्या मुलाचे स्फुट आणि झाडावरच्या सैनिकाची गोष्टही छापावी, त्यांच्याशेजारी त्या वर्षांतला जॉर्जियाचा इतिहास द्यावा, आणि शीर्षकपानावर हॅरिसच्या नावापुढे ‘लेखक’ असे न लिहिता ‘संग्राहक’ लिहावे. त्याच पानावर जॉर्ज टेरेल आणि ओल्ड हर्बर्ट ही नावे कथा सांगणारे म्हणून हॅरिसच्या नावाच्या वर छापावीत, आणि त्यांच्याखाली नॉरक्रॉस स्थानकावर 1882 च्या एका रात्री बसलेल्या रेल्वे मजुरांचा उल्लेख असावा.